एक लस जास्त

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करून आमच्या नव्या सिस्टरांच्या ताब्यात दिली असती, तर सही करण्याआधी त्यांनी आकाशातल्या चांदण्या मोजून घेतल्या असत्या, आणि एखादी कमी भरली असती तर ब्रह्मदेवाकडून तसं लेखी घेतलं असतं. मी हे उगाच म्हणत नाही. भोरच्या बाहेर एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना आहे, तिथे गेली कित्येक वर्षं मी औषधाच्या खिडकीमागे बसतो. या खिडकीतून मी अनेक सिस्टरा येताना आणि जाताना पाहिल्या. नवीन माणूस पहिल्या दिवशी साधारणपणे बसायची जागा, चहाची वेळ आणि डॉक्टर मॅडमचा स्वभाव एवढ्याची चौकशी करतं. या बाईंनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत खाटा, गाद्या, बादल्या, सलाइनचे स्टँड आणि भिंतीतली बटणं मोजली, आणि माझ्या खिडकीशी येऊन अत्यंत नम्रपणे सांगितलं, "काका, उश्या वीस पायजेत, त्या एकोणीसच भरत्यात." मी म्हटलं, असेल कुठेतरी. त्या फक्त वाकून माझ्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत राहिल्या. कंबरेच्या दुखण्यासाठी मी चार वर्षांपासून वापरत असलेली ती उशी मला त्यांच्या हातात द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जुन्या लुगड्याची घडी शिवून आणली आणि माझ्या खुर्चीला बांधून दिली. तिची नोंद मात्र कुठेही केली नाही, कारण ती दवाखान्याची नव्हती.

हे मोजण्याचं वेड त्यांना घरातूनच मिळालं होतं. माहेर पानशेतचं. वडिलांची शेती, आणि शनिवार-रविवारी पुण्याहून धरणावर येणाऱ्या मंडळींना आई चुलीवरचं जेवण करून घाले. गाडी थांबली की किती डोकी उतरली ते मोजून चुलीशी जाऊन सांगायचं, हे काम सिस्टरांकडे वयाच्या सहाव्या वर्षापासून. "मागच्या शीटवर झोपल्यालं पोरगं धराया लागतं, काका. न्हाईतर भाकरी कमी पडती," हा त्यांचा अनुभव. या शिक्षणामुळे त्यांचा डोळ्याला दिसेल त्यावर विश्वास बसत नसे आणि कानावर पडेल त्यावर तर मुळीच नाही. पेशंटने गोळी घेतली म्हटलं की त्या म्हणत, "जीभ वर करा." एका माजी सरपंचांना, ज्यांच्यापुढे तालुक्यात कोणी खुर्चीवर बसत नसे, त्यांनी सबंध वॉर्डासमोर जीभ वर करायला लावली. जिभेखाली खरंच गोळी निघाली. सरपंच नंतर तीन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, पण तीन दिवस गोळ्या मात्र घेत होते.

एवढ्या कडक बाईला सुई टोचताना पाहणं म्हणजे वेगळाच प्रकार. टोचण्याआधी त्या पेशंटची माफी मागत. "आजी, जरासं दुखंल हां, माझ्यावर राग धरू नगा," असं म्हणून सुई आत जाताना स्वतःच हलकेच "आई गं" म्हणत. पेशंट गप्प, आणि ओरडणार सिस्टर, असं दृश्य मी जन्मात दुसरीकडे पाहिलेलं नाही. पुष्कळदा पेशंटच त्यांची समजूत घालायचे. हाताला फ्रॅक्चर झालेली एक म्हातारी त्यांच्या पाठीवरून दुसरा हात फिरवत म्हणाली होती, "काय हुत न्हाई बाई, टोच तू." लशीच्या फ्रिजवर तर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. वीज गेली की आधी वॉर्डात नाही, फ्रिजपाशी जायच्या. त्याच्या अंगावर हात ठेवून गार आहे ना ते बघायच्या. घरी जाताना आम्हाला नुसतं "येते" म्हणत, फ्रिजला मात्र उघडून, मोजून, बंद करून, दार ओढून पाहून मगच निरोप.

त्यांचा करार अकरा महिन्यांचा होता. नवीन माणसाला ट्रस्ट आधी तेवढाच करार देतो आणि काम बघून पुढे ठेवतो. घरी दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या, त्यामुळे पुढे ठेवणं न ठेवणं ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती, हे मला ठाऊक होतं. आणि तिसऱ्याच महिन्यात ती गोष्ट घडली.

सोमवारची सकाळ होती. शनिवारी नवा माल आला होता, आणि त्या गडबडीत निघताना फ्रिज मोजायचा सिस्टरांचा तेवढा एकच दिवस राहिला होता. कुत्रं चावल्यावर द्यायच्या लशीच्या बाटल्या रजिस्टराप्रमाणे एकोणीस असायला हव्या होत्या. फ्रिजमध्ये निघाल्या वीस. आमच्याकडे एका माणसाला एका वेळी एक बाटली, त्यामुळे हिशेब सरळ. सिस्टरांनी तीनदा मोजल्या, मग मला बोलावलं. मीही मोजल्या. वीसच.

आता इथे माझी एक खोड सांगितली पाहिजे. मी राजगडाखालच्या पालीचा. आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं माप पुढे जातं. वडील तसंच मोजायचे, आणि माझ्याही तोंडात ते इतकं बसलंय की औषधाची खोकी मोजतानाही पहिल्याला मी लाभच म्हणतो. एरवी बिघडत नाही, पण मोजता मोजता कोणी मध्ये बोललं तर लाभ म्हटल्यावर मी चुकून एकपासून सुरुवात करतो आणि माझी बेरीज एकने कमी येते. मागच्या वर्षी कापसाची शंभर बंडलं मी नव्याण्णव लिहिली होती. दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे वीस बाटल्या पाहून डॉक्टर मॅडम हसल्याच. "काका, हा तुमचाच लाभ. बाटल्या आल्या तेव्हा तुम्ही एक कमी लिहिली. दुरुस्त करून टाका." एक जास्तच आहे, कमी तर नाही, असं म्हणून सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. मीही खिशातलं पेन काढलं.

सिस्टरांनी रजिस्टरावर हात ठेवला. "थांबा काका. त्या दिशी तुमी आनखी काय काय मोजलं हुतं?" मग त्यांनी त्या दिवशी आलेला सगळा माल काढला. सिरिंजा, सलाइन, धनुर्वाताची इंजेक्शनं. अर्धा तास बसून एकेक मोजलं. झालेला खर्च धरून प्रत्येक आकडा माझ्या लिखाणाशी तंतोतंत जुळला. "तुमी त्या दिशी बरोबर मोजलंय," त्या म्हणाल्या. आयुष्यात माझी निर्दोष सुटका झाल्याचं मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. कारण माझी चूक नसेल तर कोणाची, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं होतं. "काका, कमी भरली असती तर फुटली म्हटलं असतं. जास्त भरली म्हंजे कुनाला तरी दिलीच न्हाई, आन् दिली म्हणून लिहिलंय."

शुक्रवारपर्यंतचा हिशेब जुळलेला होता. शनिवारच्या पानावर तीन नावं होती. तिघांनाही सिस्टरांनीच लस दिल्याची नोंद, त्यांचीच सही. पहिली भोरातल्या एका शिंप्याच्या घरची सून, रेश्माभाभी. तिला फोन केला तर ती म्हणाली, दंड अजून दुखतोय, काही इलाज सांगा. दुसरा टेम्पोवाला सुई पाहून चक्कर येऊन पडला होता, त्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. तिसरे हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीतले बाबा. वाडीतलंच कुत्रं पोटरीला चावलेलं, शनिवारी तिसरी सुई होती. त्यांच्या मुलाचा फोन लागेना.

शनिवारी काय झालं असणार ते मला लगेच कळलं, आणि मी खाली बघायला लागलो. वर घाटाकडे जाणारी बाराची यष्टी आमच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबते. ती चुकली तर त्या बाजूच्या माणसाला संध्याकाळपर्यंत बसावं लागतं किंवा पायी जावं लागतं. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं एक पद्धत पडली होती. साडेअकरा वाजले की आधी रजिस्टर भरायचं, कार्डावर खूण करायची, आणि मग टोचायचं, म्हणजे माणूस सुई निघाल्या पावली पळू शकतो. नव्या सिस्टरांना त्यांच्या दुसऱ्याच दिवशी ही पद्धत शिकवली कोणी, तर मी. "आधी लिहून घ्या, नाहीतर लोकांची गाडी जाते," हे माझेच शब्द.

मॅडमनी समजुतीने घेतलं. म्हणाल्या, निरोप पाठवू, उद्या बाबा येतील. सिस्टर म्हणाल्या, "निरोप पोचला का न्हाई, ते कसं कळणार मॅडम? ह्या रोगाला एकदा झाल्यावर औषध न्हाई. मी जाऊन येते." मॅडमनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुम्ही नवीन आहात, करार अकरा महिन्यांचा आहे, हे लेखी गेलं तर कमिटी काय म्हणेल याचा विचार करा. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेखी खोटं लिहिलंय म्हणून तर हे झालं, मॅडम." मॅडमनी लशीचा डबा काढून दिला आणि त्यात बर्फाच्या पिशव्या स्वतःच्या हाताने भरल्या.

मी मोटरसायकल काढली. वाटेत धरणाच्या कडेकडेने सबंध रस्ता सिस्टर डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. एरवी वळणं मोजणारी बाई, त्या दिवशी एक अक्षर नाही. हिर्डोशीपुढे गाडी लावून आम्ही चढायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "काका, मला आठवतच न्हाई. टोचल्यालं बी आठवतं, न्हाई टोचल्यालं बी आठवतं. शनवारपासून आज म्हंजे दोन दिस झाले." मी काहीतरी धीराचं बोललो. ते काय बोललो ते आता आठवत नाही, यावरून ते किती उपयोगाचं असेल ते कळतं. भाताची कापणी झाली होती, चढ उभा होता, आणि माझ्या कंबरेने अर्ध्या वाटेत राजीनामा दिला. त्या थांबल्या नाहीत. मी मागून लंगडत गेलो.

बाबा अंगणात भाताच्या पेंढ्या बांधत होते. सिस्टरांना पाहून त्यांनी आधी डोक्याची टोपी सारखी केली. सिस्टरांना दम लागला होता, डोळे लाल झाले होते. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाबा, खरं सांगा. शनवारी म्या तुमाला सुई टोचली का?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लशीच्या डब्याकडे. म्हातारा हुशार होता. दवाखान्याची माणसं एवढा डोंगर चढून येतात म्हणजे कोणाची तरी नोकरी जाणार, हे त्याला बरोबर उमगलं. "टोचली की," ते म्हणाले. "लई झ्याक टोचली. कळलं बी न्हाई."

"कुठल्या दंडाला?"

बाबांनी विचार केला. "दोनी."

मला हसू आवरेना. तेवढ्यात घरातून त्यांच्या मंडळी हात पुसत बाहेर आल्या. "कुठली टोचली? गाडीनं भोंगा दिला आन् ह्ये चपला हातात घिऊन पळालं. घरी येऊन मला म्हनलं, आज बाईंनी सुई माफ केली."

"तू गप ऱ्हा," बाबा म्हणाले. "पोरीची नोकरी घालवशील."

सिस्टर तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस, मला तिथे उभं राहायची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. मग त्यांनी तोंड धुतलं, हात साबणाने धुतले, डबा उघडला, बाटलीवरची तारीख मोठ्याने वाचून मला दाखवली आणि बाबांचा दंड हातात घेतला. "राग धरू नगा बाबा," म्हणाल्या, आणि सुई आत जाताना आई गं म्हणाल्या. बाबा हसले. कापूस दाबून झाल्यावरच त्यांनी कार्ड मागितलं. शनिवारच्या नोंदीवर एकच रेघ ओढली, खालचं सगळं वाचता येईल अशी, आणि शेजारी त्या दिवशीची तारीख आणि सही. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की ते शनवारचं तसंच. मी कुनाला सांगत न्हाई." त्या म्हणाल्या, "मी सांगणार हाये, बाबा."

आणि सांगितलं. स्वच्छ अक्षरात, एका पानावर. लस न देता दिल्याची नोंद केली, दोन दिवस उशिरा घरी जाऊन दिली, चूक माझी. आधी लिहायची पद्धत मी शिकवली होती, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. बाबांच्या उरलेल्या सुया वेळच्या वेळी झाल्या. प्रत्येक वेळी सिस्टरांनी आदल्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

करार संपायला आला तेव्हा कमिटीची बैठक झाली. ते पान फायलीत वरच होतं. त्या बैठकीला जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं काय मत. मी म्हणालो, "मुलगी चांगली आहे, पण नवीन आहे." बरीच वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडातून असं वाक्य आपोआप येतं. त्यानंतर मी पुढे बोलायला हवं होतं. ती पद्धत माझी होती, ती एक जास्त भरलेली बाटली या मुलीशिवाय दवाखान्यात कोणीही माझ्या नावावर टाकून मोकळं झालं असतं, आणि बाबांना सुई मिळालीच नसती. हे सगळं माझ्या मनात तयार होतं. पण तोवर पुढचा विषय निघाला होता, आणि मी तो निघू दिला. कोणी त्यांना काढलं असं म्हणता येणार नाही. फक्त पुढचा करार झाला नाही.

शेवटच्या दिवशी त्या माझ्या खिडकीशी आल्या, फ्रिजची किल्ली दिली, सगळं मोजून झाल्याचं सांगितलं आणि माझ्या पाया पडल्या. मी डोळ्यांत काहीतरी गेल्याचा बहाणा केला. आता त्या पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात असतात. मधूनच फोन करतात. स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत. वाडीतले बाबा कसे आहेत ते विचारतात. मी चांगले आहेत म्हणून सांगतो. त्यावर "तुमी सोता बघितलं का?" असं विचारतात, म्हणून हल्ली मला बाबांना अधूनमधून बघून यावं लागतं.

आमच्याकडे मात्र आता आधी टोचतात आणि मग लिहितात. मॅडमनी तसा कागदच भिंतीला लावलाय. त्यामुळे रोज दोघातिघांची बाराची गाडी चुकते. ती माणसं माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर दंडावरचा कापूस दाबून बसतात आणि संध्याकाळच्या यष्टीची वाट बघत हा नियम काढणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. मी ऐकून घेतो, पाणी विचारतो. एखादा कधी खिडकीत डोकं घालून विचारतोच, की काढला कुणी हो हा नियम. मी सांगतो, आमच्याकडे एक फार चांगल्या सिस्टर होत्या, त्यांनी. एवढं बोलून मी थांबतो. पुढे आता 'पण' जोडत नाही.